हाताची सूज आणि लिम्फ मसाज: या चुका टाळा

आपल्याकडे मालिश म्हटलं की वाटीभर कोमट तेल आणि अंग रगडणाऱ्या मावशी. लिम्फ म्हणजे पेशींभोवतालचं जास्तीचं पाणी, जे बारीक नळ्या आणि गाठींतून परत रक्तात जातं. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या या लिम्फच्या गाठी काढल्या, किंवा तिथे रेडिएशन दिलं, की त्याची वाट अडते आणि काहींचा हात सुजतो. त्या हाताला हे रगडणं चालत नाही. आईच्या हातावर मी आठ दिवस मन लावून नेमकं तेच केलं, आणि सूज होती तिथेच राहिली.

लिम्फच्या सुरुवातीच्या नळ्या अगदी नाजूक आणि कातडीच्या लगेच खाली असतात. जोर दिला की त्या चेपतात. म्हणून लिम्फ मसाजमध्ये फक्त कातडी हलकेच ताणायची आणि सोडायची. बोटांना खालचा स्नायू जाणवू लागला तर दाब जास्त झाला. तेलही नको, कारण हात नुसता घसरतो. ही पद्धत बसवणारं डेन्मार्कचं व्होडर दांपत्य १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये काम करत होतं, आणि तेव्हापासून तिचा सगळा भर या हलकेपणावरच आहे.

सगळ्यात जास्त घोळ क्रमात होतो. हात सुजलाय म्हणून आपण बोटांपासून सुरुवात करतो. भातखाचरातलं पाणी काढायचं तर आधी खालचा बांध फोडावा लागतो ना? तसंच इथे. आधी मान आणि गळ्याच्या हाडांवरचे खळगे, कारण लिम्फ शेवटी तिथल्याच शिरांत मिसळतं. मग धडधाकट बाजूची काख, छातीवरून तिकडे नेणारी वाट, त्यानंतर दंड, कोपराखालचा भाग आणि अगदी शेवटी पंजा. हातावरच्या प्रत्येक हालचालीचा रोख मात्र धडाकडेच. हे एकदा लिम्फचं प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टसमोर बसून शिका. व्हिडिओवरून दाब कळत नाही.

मसाज झाला, हात हलका वाटला, संध्याकाळी पुन्हा जैसे थे? बहुतेक वेळा पट्टी बांधायची राहिलेली असते. घरातलं क्रेप बँडेज मात्र त्या कामाचं नाही. कमी ताणली जाणारी खास पट्टी लागते, बोटांकडे घट्ट आणि वर जाताना सैल होत जाणारी. ती बांधून हाताचे व्यायामही करायचे.

फरक पडतोय की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नका. कोपराच्या वर आणि खाली ठरलेल्या अंतरावर, रोज एकाच वेळी, टेपने दोन्ही हात मोजा. आमच्याकडे कॅलेंडरवरच आकडे लिहितो, दुधाच्या हिशेबाशेजारी.

वजन उतरवायला हा मसाज घेत असाल तर पैसे वाचवा. चरबी याने जात नाही.

हात लाल, गरम झाला, दुखू लागला किंवा ताप आला तर मसाज आणि पट्टी दोन्ही थांबवा. तो जंतुसंसर्ग असू शकतो, भाजी चिरताना लागलेल्या एवढ्याशा जखमेतूनही होतो, आणि त्याला औषधच लागतं. शिरेत रक्ताची गुठळी असेल किंवा हृदय, मूत्रपिंड नीट काम करत नसेल, तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय हात लावू नका.