लांब शेपटीची मादी, आखूड शेपटीचा नर : गोड्या पाण्यातील एक सूत्रकृमी ओळखताना

प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी एका पाझर तलावाच्या काठचा गाळ आणला होता. त्यातून वेगळे केलेले मोठे सूत्रकृमी तीन बाटल्यांत विभागून मी वहीत तीन जाती सापडल्याची नोंद केली होती. पहिल्या बाटलीतल्या कृमींची शेपटी दोऱ्यासारखी लांब आणि निमुळती होती, दुसरीतले आकाराने तसेच पण बोथट, गोलसर, आखूड शेपटीचे होते आणि तिसरीत लांब शेपटीचेच, पण लहान कृमी होते. मार्गदर्शक सरांनी वही पाहून एवढेच विचारले, "पहिल्या बाटलीत नर किती आहेत आणि दुसरीत माद्या किती, ते मोजलंत का?" मोजल्यावर दिसले की पहिलीत एकही नर नव्हता आणि दुसरीत एकही मादी नव्हती. तिन्ही बाटल्यांत एकच जात होती : फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दुजार्दँ यांनी १८४५ मध्ये वर्णन केलेली डोरायलॅमस स्टॅग्नॅलिस. या विषयात नव्याने येणाऱ्यांना ती ओळख पायरीपायरीने कशी पटते हे कळावे, म्हणून हा अनुभव लिहिते आहे.

ओळख सूक्ष्मदर्शकाखाली सुरू होते असे आपण समजतो, पण ती बिघडते त्याआधीच. गाळ बादलीत ढवळून, जड वाळू खाली बसू देऊन वरचे पाणी बारीक चाळणीतून ओतावे लागते. चाळणीवर उरलेला गाळ टिश्यू पेपरवर पसरून बेअरमन फनेलमध्ये (पाण्याने भरलेल्या, खालची नळी बंद केलेल्या नरसाळ्यात) रात्रभर ठेवला की जिवंत कृमी खाली उतरतात. खरी काळजी त्यांना मारताना घ्यायची असते. थंड फॉर्मॅलिनमध्ये ते वळवळत, आक्रसत मरतात आणि मग त्यांची मोजमापे भरवशाची राहत नाहीत. गरम फॉर्मॅलिन एकदम ओतले तर शरीर सैल होऊन पोटाच्या बाजूला किंचित वाकलेल्या स्थितीत स्थिर होते. त्यानंतर साइनहॉर्स्ट यांच्या १९५९ मधील पद्धतीने अल्कोहोलमधून हळूहळू ग्लिसरीनमध्ये न्यायचे. स्लाइड करताना कृमीच्या जाडीइतके काचतंतू कव्हरस्लिपखाली ठेवणे मी सुरुवातीला टाळत असे, कारण ते किचकट काम आहे. त्यामुळे कृमी चपटे होत, रुंदी वाढलेली दिसे आणि पुढची सगळी गुणोत्तरे चुकत.

आता मूळ मुद्द्याकडे. प्रथम तोंड पाहावे. आमच्या कृमीत पोकळ सुईसारखा, टोकाला तिरका कापल्यासारखा शूक होता. या भागाला ओडोंटोस्टाइल म्हणतात. त्याच गाळात सापडलेल्या मोनोंकस या दुसऱ्या सूत्रकृमीच्या तोंडात शूक नसतो, तर पिंपासारखी जाड भिंतींची पोकळी आणि तिच्या पाठीकडच्या बाजूला एक ठळक दात असतो, त्यामुळे हे दोघे क्षणात वेगळे होतात. मग ग्रसनी, म्हणजे तोंडापासून आतड्यापर्यंतची स्नायूमय नळी : पुढचा भाग बारीक, मागचा जाड आणि लांबट दंडगोलासारखा. प्लेक्टस या सूत्रकृमीमध्ये ग्रसनीच्या शेवटी जो दळणारा फुगवटा दिसतो, तो येथे नसतो. शेपटीच्या टोकाशी चिकट स्राव सोडणाऱ्या ग्रंथींचे छिद्रही नसते. मोनोंकस आणि टोब्रिलस या सूत्रकृमींमध्ये अशा तीन ग्रंथी असतात. एवढ्यावर आपण डोरायलॅमिडा या गणापर्यंत पोहोचतो. या गणावर अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मोठे काम झालेले आहे आणि भारतीय नमुने तपासताना ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे.

प्रजाती, म्हणजे जातीच्या वरची पायरी (जीनस), ठरवताना मात्र दम लागतो. डोरायलॅमस आणि लायमिडोरस या दोन्हींत मादीची शेपटी लांब आणि नराची आखूड असते. डोरायलॅमसच्या क्यूटिकलवर (बाहेरच्या कातडीवर) डोक्यापासून शेपटीकडे जाणारे उभे कंगोरे असतात आणि लायमिडोरसवर ते नसतात. हे कंगोरे मला आठवडाभर दिसलेच नाहीत, कारण आपली नजर सवयीने शरीराच्या मध्यावर, म्हणजे आतड्यावर आणि ग्रसनीवर फोकस करते. ऑइल इमर्शन लावून, बारीक फोकसचा स्क्रू अगदी थोडा फिरवून नजर कातडीच्या वरच्या थरावर आणली तेव्हा एकमेकींना समांतर रेषा उमटल्या. आणखी किंचित फिरवल्यावर त्या नाहीशा झाल्या. खात्रीसाठी मी एका मादीचा पातळ आडवा छेद ग्लिसरीन जेलीत घेतला. त्याची कड दातेरी चक्रासारखी दिसली आणि मनातला संशय संपला.

नराच्या पोटाच्या मध्यरेषेवर, गुदद्वाराच्या पुढे, छोट्या उंचवट्यांची दाट रांग असते, तिलाही फार महत्त्व आहे. उंचवटे किती आहेत, सलग आहेत की सुटे, हे प्रत्येक नरात मोजून लिहावे.

डच प्राणिशास्त्रज्ञ द मान यांनी १८८० मध्ये रूढ केलेली गुणोत्तरे आजही वापरतात : लांबी भागिले कमाल रुंदी, लांबी भागिले ग्रसनीची लांबी, लांबी भागिले शेपटीची लांबी. मादीत योनिछिद्र डोक्यापासून किती टक्क्यांवर आहे, तेही मोजतात. एकाच कृमीची मापे देऊन जात ठरवू नये. निदान दहा-पंधरा प्रौढ मोजून किमान, कमाल आणि सरासरी लिहावी.

प्रौढ ओळखणे हीच नवख्याची सर्वांत मोठी अडचण आहे. माझी तिसरी बाटली पिल्लावस्थेतल्या कृमींची होती. त्यांच्या ग्रसनीच्या भिंतीत, चालू शूकाच्या मागे, पुढच्या अवस्थेसाठीचा दुसरा शूक तयार असतो. तो दिसला की कृमी अजून कात टाकणार आहे हे नक्की समजावे. आणि पिल्लावस्थेत नराचीही शेपटी मादीसारखी लांबच असते. त्या बाटलीतला एक कृमी नेमका शेवटची कात टाकताना स्थिर झाला होता. जुन्या कातडीची लांब शेपटी बाहेर तशीच होती आणि तिच्या आत, बुडाशी, नव्या नराची गोलसर आखूड शेपटी आणि पूर्ण झालेले स्पिक्यूल (नराचे मिलनासाठीचे काटे) स्वच्छ दिसत होते. ती स्लाइड आजही माझ्याकडे आहे.

फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या कृमींचा डीएनए नंतर नीट मिळत नाही, म्हणून त्याच नमुन्यातले काही कृमी मी आता सुरुवातीलाच डेस (DESS : डीएमएसओ, ईडीटीए आणि मीठ यांचे संपृक्त द्रावण) या द्रावणात वेगळे ठेवते. या द्रावणात डीएनए टिकतो आणि शरीररचनाही पुष्कळशी शाबूत राहते. बाटलीवर तलावाचे ठिकाण, तारीख, पाण्याची खोली आणि गाळाचा प्रकार पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आत टाकते, कारण शाईची अक्षरे अल्कोहोल लागले की पुसली जातात.