आधी पाटी, मग हात

"कुणाकुणाला पटलं? हात वर करा." वर्गात हे विचारू नका. पुढच्या बाकावरच्या दोन हुशार मुलांचे हात वर गेले की बघता बघता सगळा वर्ग हात वर करतो, आणि कुणाला काय येतंय ते कळतच नाही.

मी आठवीला गणित शिकवते. एकदा विचारलं, चौरसाची बाजू दुप्पट केली तर क्षेत्रफळ किती पट होईल? "दुप्पट!" सगळे एका सुरात. फिरताना एका मुलीची वही दिसली. खोडरबराने घासून कागद खरवडला होता, त्याखाली दाबून लिहिलेला ४ अजून दिसत होता. त्याच्यावर ठळक २. "का गं खोडलंस?" "बाई, सगळे दोन म्हणाले ना."

ती घाबरट नव्हती. १९५० च्या दशकात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी कॉलेजच्या मुलांना रेषांची लांबी ओळखायला सांगितली. एकटं असताना क्वचितच कुणी चुकायचं. पण आधीपासून पढवलेले बाकीचे सगळे मुद्दाम चुकीचं बोलले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यामागे गेली. कुणाला वाटलं, आपलंच चुकत असेल. कुणाला खरं दिसत होतं, पण चारचौघांत वेगळं पडायचं नव्हतं. मात्र बरोबर बोलणारा एकच सोबती मिळाला की हे प्रमाण खूपच घटलं, आणि उत्तर गुपचूप लिहायला दिलं तरीही घटलं.

म्हणून पाट्या आणा. आठवीच्या मुलांना आधी लाज वाटते, आठवड्यात सवय होते. प्रश्न फळ्यावर लिहा आणि एक मिनिट कुणालाही बोलू देऊ नका, विशेषतः पहिल्या नंबरच्या मुलाला. लिहून झालं की पाटी पालथी. "तीन" म्हटल्यावर सगळ्यांच्या पाट्या एकदम वर.

आता तुमचा चेहरा सांभाळा. तुम्ही मान डोलावलीत की मुलं तिकडे वळतात.

सर्वांत कमी मुलांनी लिहिलेलं उत्तर आधी घ्या, पण नाव न घेता: "चार लिहिणाऱ्याने काय विचार केला असेल?" मोठा चौरस काढून मधून आडवी-उभी रेघ मारा. आत चार लहान चौरस दिसले की दोन-तीन जण आपणहून "हो की!" म्हणतात. त्या मुलीला सोबत मिळाली.

मग उत्तर बदलायची मुभा द्या. पुसायचं मात्र नाही: जुन्यावर एकच आडवी रेघ, शेजारी नवं. ओलं बोट आणि फडकं, दोन्ही बंद.