भाड्याचा सिनेमा: प्ले दाबायची घाई नको

नवा सिनेमा भाड्याने घेतला, पाच मिनिटं 'कसा दिसतो' म्हणून लावला, आणि रविवारी सगळे जमले तेव्हा मुदत संपलेली. यूट्यूबवर भाड्याने घेतलेला सिनेमा सुरू करायला 30 दिवस मिळतात. पण एकदा प्ले दाबलं की साधारण 48 तासच.

म्हणून:
1. आधी जस्टवॉचवर (कोणता सिनेमा कुठे बघायला मिळतो ते सांगणारी साइट) सिनेमाचं नाव टाका. तुमच्याच एखाद्या सबस्क्रिप्शनमध्ये तो फुकट असेल, तर प्रश्नच मिटला. भाडंही तिथेच ताडून बघा.
2. ऑफर असेल तेव्हा घेऊन ठेवा.
3. चित्र-आवाज तपासायला ट्रेलर लावा, सिनेमा नाही.

भाषा आणि सबटायटल्स मात्र पैसे भरण्याआधीच बघा. आजीसाठी हिंदी डब हवं असेल तर विशेषच.