पडत्या विजेतून ऊर्जा मिळेल का? हिशेब असा मांडा

एका विजेत 100 कोटी जूल, म्हणजे सुमारे 278 युनिट ऊर्जा असते. बहुतेक जण हिशेब इथून सुरू करतात आणि इथेच फसतात. ही ऊर्जा ढगापासून जमिनीपर्यंतच्या काही किलोमीटरच्या वाटेवर विखुरलेली असते. हवा 30,000 अंशांच्या आसपास तापवण्यात, उजेडात आणि गडगडाटात तिचा बहुतेक भाग वाटेतच संपतो. वीज पकडायला उभ्या केलेल्या मनोऱ्याच्या पायथ्याशी पोहोचतो तो विद्युतभार, पहिल्या तडाख्यात साधारण 5 कूलोम (कूलोम हे भाराचं एकक; एका विजेत एकामागोमाग अनेक तडाखे असू शकतात). हिशेब या भारावरून आणि त्याच्या प्रवाहावरून करायचा.

आधी विजा किती मिळतील ते काढा. सपाट जमिनीवरचा मनोरा आपल्या उंचीच्या तिप्पट त्रिज्येतल्या विजा ओढतो असं धरतात. 60 मीटर मनोऱ्याची त्रिज्या 180 मीटर, क्षेत्र 0.1 चौरस किलोमीटर. त्या भागात दर चौरस किलोमीटरला वर्षाकाठी 10 विजा पडत असतील, तर मनोऱ्यावर वर्षाला एकच पडेल.

आता त्या एका विजेतून काय मिळतं ते पाहू. प्रवाहाच्या वर्गाची वेळेनुसार बेरीज केली की मध्यम पहिल्या तडाख्यासाठी सुमारे 55,000 अँपिअर-वर्ग-सेकंद येतात. याला वाटेतल्या रोधाने गुणा. 10 ओहमच्या रोधात 5.5 लाख जूल, म्हणजे 0.15 युनिट. एक चौरस मीटर सौर पॅनेल कडक उन्हात तासाभरात यापेक्षा जास्त देतं. रोध 100 ओहम केला तर ऊर्जा दहापट होईल खरी, पण 30,000 अँपिअरला त्याच्या टोकांवर 30 लाख व्होल्ट उभे राहतील. मग वीज रोध सोडून हवेतूनच उडी मारेल.

कपॅसिटरमध्ये, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या घटकात, साठवायचं तर? 5 कूलोम 10,000 व्होल्टवर ठेवायला 500 मायक्रोफॅरड लागतात आणि साठतात फक्त 25,000 जूल. एवढ्यात 10 वॅटचा दिवा जेमतेम 40 मिनिटं चालेल. व्होल्टेज वाढवा, ऊर्जा त्याच प्रमाणात वाढेल. इन्सुलेशनचा खर्च आणि आकारही वाढत जाईल, तोही वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यासाठी.

जोडणीत सगळ्यात जास्त घात करते ती तारेची लांबी. सरळ तारेच्या दर मीटरला साधारण 1 मायक्रोहेन्री प्रेरकत्व (प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण) असतं. नंतरच्या तडाख्यांत प्रवाह मायक्रोसेकंदाला 40,000 अँपिअरने चढू शकतो, म्हणजे दर मीटरला 40,000 व्होल्ट. 10 मीटर तारेवर 4 लाख व्होल्ट आले की ठिणगी शेजारच्या सळईवर जाते आणि स्विच बंद व्हायच्या आत सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणून घरच्या तडितरक्षकाच्या तारेला बॅटरी किंवा इन्व्हर्टर कधीही जोडू नका. जीव जाईल.

विजा वाढवल्या तर? स्वित्झर्लंडमधल्या सेंटिस शिखरावरच्या 124 मीटर मनोऱ्यावर वर्षाला सुमारे 100 विजा पडतात. 2021 साली तिथे लेझरने विजेला सुमारे 50 मीटर वाटही दाखवली गेली. पण प्रत्येकीतून वरचीच 0.15 युनिट धरली तरी वर्षाचे 15 युनिटच होतात.

तरीही एखाद्या जागेचा अंदाज घ्यायचाच असेल, तर ऊर्जा पकडू नका, मोजा. जमिनीकडे जाणाऱ्या तारेभोवती रोगोव्स्की कॉइल (तारेला न जोडता तिच्यातला प्रवाह मोजणारं वेटोळं) बसवा, तिचा सिग्नल फायबरने दूरच्या रेकॉर्डरपर्यंत न्या, आणि नोंदलेल्या प्रवाहाच्या वर्गाची बेरीज आपल्या रोधाने गुणा.