टॉम सॉयरचं कुंपण अहिराणीत : गॅदरिंगसाठी बारा मिनिटांचा प्रवेश

मार्क ट्वेनच्या 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ टॉम सॉयर' (१८७६) मधला एकच प्रवेश बसवायचा असेल, तर दुसऱ्या प्रकरणातला कुंपणाचा घ्या. शनिवारची सुट्टी, शाळा बुडवली म्हणून पॉली मावशीने दिलेली शिक्षा, आणि ३० यार्ड लांब, ९ फूट उंच फळ्यांचं कुंपण. टॉम ते चुन्याने अशा ऐटीत रंगवतो की पोरं जवळच्या वस्तू देऊन ब्रश मागतात.

आधी प्रकरण मोठ्याने वाचा आणि पात्रं ठरवा. याच पुस्तकावरचा १९३८ चा रंगीत चित्रपट (निर्माता सेल्झनिक, दिग्दर्शक नॉर्मन टॉरोग) तालमी उभ्या राहिल्यावरच दाखवा, नाहीतर पोरं त्यातल्या टॉमची, म्हणजे टॉमी केलीची, नक्कल करत बसतात. शिवाय कॅमेरा चेहऱ्याजवळ जाऊ शकतो. तुमचा प्रेक्षक मैदानात मागच्या सतरंजीवर असतो. म्हणून अभिनय ब्रशमध्ये आणा : एक लांब फटकारा, दोन पावलं मागे, मान तिरकी, मग कोपऱ्यात जरासा हात.

बेन रॉजर्स पुस्तकात 'बिग मिसुरी' ही आगबोट बनून येतो. बोट, कप्तान, घंटा सगळं तोच. त्याला भुसावळचं इंजिन करा, पोरांना सांगावं लागत नाही. त्याच्या हातात सफरचंद असतं. आपल्याकडे केळ्याचा मोह होईल, पण केळं चार घासांत संपतं, आवाज करत नाही आणि साल पायाखाली येते. कडक पेरू द्या, माइकवर करकर ऐकू जाते.

"काम करी राह्यना का?" असं बेन चिडवतो. टॉम शांतपणे : "तू काम कसाले म्हनस?" पुढे बेनच्या तोंडून "माले बी करू दे ना, भो" येईपर्यंत टॉमने ब्रश पुढे करायचाच नाही, आणि आल्यावरही आढेवेढे घ्यायचे : मागचं कुंपण असतं तर दिलं असतं, हे रस्त्यावरचं आहे. बहुतेक प्रयोग इथेच पडतात. शेवट माहीत असल्याने टॉम घाईने ब्रश देऊन टाकतो. मनात चार आकडे मोजायला लावा.

मेलेला उंदीर आणि तो फिरवायला दोरी, काहीच न उघडणारी किल्ली, कुत्र्याविना पट्टा : या वस्तू बदलू नका (उंदीर कापडी चालेल). जिमचा भाग मात्र गाळा. तो गुलामगिरीच्या काळातला काळा मुलगा आहे. बारा मिनिटांत त्याला न्याय मिळत नाही, नुसता हशा होतो.

आता कुंपण. ४ फूट रुंद, ५ फूट उंच अशा तीन चौकटी पुरतात. मागून तिरका टेकू आणि त्यावर विटा. खरा चुना वापरू नका : डोळ्यात उडाला तर भाजतो, आणि ओला असताना पांढरा दिसतच नाही, वाळल्यावर दिसतो. चौकटी आदल्या दिवशी गेरूने रंगवा. एक किलो गेरू, दोन लिटर पाणी, पाव किलो फेविकॉल. फेविकॉल वगळलं तर गेरू सुटून वरचा पांढरा गुलाबी होतो. प्रयोगात दोन किलो खडूची भुकटी एक लिटर पाण्यात कालवा, डिंकाचं थोडं पाणी घाला. दह्यासारखं दाट झालं की पहिल्याच हाताला उठून दिसतं. पुस्तकात तीन हात लागतात, रंगमंचावर एकच पुरे. बादली अर्धीच भरा आणि खाली गोणपाट अंथरा. इंजिन धावत येतं तेव्हा ती लवंडतेच.