चिलटांची अंडी मोजायची? मग सुरुवात अळीपासून करा

चिलटांनी, म्हणजे पिकल्या फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माश्यांनी, अंडी घालणं कमी केलं की बहुतेक जण लगेच माश्यांचं खाद्य बदलतात. मी आधी विचारते, अळ्या कशा वाढल्या होत्या?

अंड्यातला बलक बनवणारी प्रथिनं मुख्यतः मादीच्या मेदपिंडात (चरबी साठवणाऱ्या अवयवात) तयार होतात आणि शरीरद्रवातून अंडाशयात पोचतात. त्यासाठीचा कच्चा माल काही अळीपणीच्या गंगाजळीतला, काही आजच्या खाण्यातला. रेशमाचा पतंग तोंडाला काही लावतच नाही. त्याची शेकडो अंडी अळीने खाल्लेल्या पाल्यावरच होतात. एडिस इजिप्ती डासाच्या मादीचं मात्र सहसा रक्ताशिवाय अडतं. चिलट या दोघांच्या मधलं, म्हणून प्रयोगाला सोयीचं.

एका बाटलीत भरपूर खाद्यावर मोजकीच अंडी ठेवा, दुसरीत तेवढ्याच खाद्यावर खच्चून. २५ अंश सेल्सिअसला साधारण दहा दिवसांत माश्या निघतात. दाटीतल्या उशिरा निघतात आणि चणीनं बारक्या असतात. एकाच दिवशी निघालेल्या घ्या. बाटली काही मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली की त्या सुस्तावतात, मग निवडायला सोपं जातं: मादीचं पोट टोकदार, नराचं बोथट आणि टोकाला काळं. प्रत्येक बाटलीतल्या माद्यांचे दोन गट करा, सोबत थोडे नर राहू द्या. एका गटाला फक्त साखर घातलेलं अगार (जेलीसारखा घट्ट थर), दुसऱ्याला त्यावर प्रथिनं पुरवणाऱ्या ओल्या यीस्टचा पातळ लेप. असे चार गट होतील. माद्यांची संख्या सगळीकडे सारखी हवी.

आता खरी गोम. यीस्टचा वास मादीला अंडी घालायलाही खुणावतो. खाद्यावरचीच अंडी मोजली तर पोषणाचा परिणाम कुठला आणि वासाचा कुठला, हे कळणार नाही. म्हणून मोजणीपुरत्या सगळ्या माद्या एकसारख्या, यीस्ट नसलेल्या अगारवर सोडा. अगारमध्ये गडद खाद्यरंग घाला. अंडं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं आणि पांढरं असतं. भिंगाखाली त्याच्या एका टोकाला दोन बारीक शिंगं दिसतात. सगळ्यांना सारखेच तास द्या, आणि आकडा जिवंत माद्यांच्या संख्येनं भागायला विसरू नका. मेलेल्या माद्या हिशेबात राहिल्या तर यीस्टवाला गट उगाच बदनाम होतो.

नुसत्या साखरेवरच्या माद्या थोडी अंडी देऊन मंदावतात. ऐसपैस वाढलेल्यांची शिल्लक थोडी जास्त पुरते. पण मला सर्वांत बोलका वाटतो तो दाटीत वाढलेला, यीस्ट खाणारा गट. त्यांची अंडी साखरवाल्यांपेक्षा जास्त, तरी ऐसपैस वाढलेल्यांची बरोबरी सहसा होत नाही. अंडाशयात किती अंडनलिका, म्हणजे अंडी तयार करणाऱ्या नळ्या, असणार हे अळीपणीच ठरून गेलेलं असतं.

माश्या नुसत्या जगवायच्या असतील तर यीस्ट बेतानंच द्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चिलटांच्या माद्या सर्वाधिक जगल्या त्या प्रथिनं आणि कर्बोदकांच्या १:१६ प्रमाणावर. अंडी सर्वांत वेगानं घातली ती १:२ वर.

शेवटी साखरेवरच्या माद्यांना यीस्ट द्या आणि दोनेक दिवसांनी पुन्हा मोजा.