तारामाशाला चुना लावायची गोष्ट, म्हणजे जुनं सुपरहिरो कॉमिक परत कसं वाचायचं

परवा पावसात लाईट गेली, मोबाईल पाच टक्क्यांवर, भाचा सोप्यावर लोळून लोळून कंटाळला, तेव्हा मी त्याला जस्टिस लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या डीसी कॉमिक्सच्या सुपरहिरो टीमची, पहिली गोष्ट वाचून दाखवली. त्याच्या आधी दोनदा मी एकटाच ती वाचायला बसलो होतो आणि दोन्ही वेळा पाचव्या-सहाव्या पानावर डोळा लागलेला, खरं सांगतो. तिसऱ्यांदा मात्र हसून हसून पोट दुखलं. गोष्ट तीच, फक्त वाचायची पद्धत बदलली, तर ती पद्धत लिहून ठेवतो, कोणाला उपयोग झाला तर झाला.

आधी अंक कुठला ते. जस्टिस लीग पहिल्यांदा आली ती स्वतःच्या नावाच्या अंकात नाही, 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड' अंक २८ मध्ये, फेब्रुवारी-मार्च १९६०, किंमत १० सेंट. लेखक गार्डनर फॉक्स, चित्रं माइक सेकोव्स्की, संपादक ज्युलियस श्वार्ट्झ. त्या वर्षी पणजीत अजून पोर्तुगीज राज्य होतं हे लक्षात ठेवून वाचा, वेगळीच मजा येते, म्हणजे तिकडे सुपरहिरो मिळून जग वाचवतायत आणि आम्हाला सुटायला अजून पावणेदोन-दोन वर्षं. ओरिजिनल अंकाच्या मागे लागू नका, तेवढ्या पैशात घराचं छप्पर शाकारून होईल. रीप्रिंट घ्या नाहीतर डिजिटल, काही बिघडत नाही.

आमच्याकडे तशी सवय लागली ती मामामुळे, तो बोटीवर होता, येताना चॉकलेट आणि साबणाच्या मध्ये दोन-चार कॉमिक्स टाकून आणायचा. त्याच्या आधी घरात इंद्रजाल कॉमिक्स, म्हणजे वेताळ (इंग्रजीतला फँटम) आणि जादूगार मॅन्ड्रेक. आणि गोव्यातल्या पोराला वेताळ म्हटल्यावर आधी गावचा देव आठवतो, त्यामुळे जांभळ्या घट्ट कपड्यातला, कवटीच्या अंगठीवाला वेताळ बघून आमच्या आजीने हात जोडले होते की कपाळावर मारला होता यावर घरात अजून वाद आहे.

असो. आता मुख्य गोष्ट, बाकी काही केलं नाही तरी हे करा. मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचलं की संपलं, कारण त्या काळच्या कॉमिकमध्ये प्रत्येक जण जे करतोय तेच तोंडाने सांगत असतो. चित्रात उडताना दिसतोय, वर बोलतोय की मी उडतोय, आणि चौकटीच्या वरच्या पिवळ्या पट्टीत परत लिहिलंय की तो उडाला. मनात वाचताना हे तीनदा तेच ते वाटतं. पण देवळातल्या उत्सवातलं नाटक आठवा ना, रात्री दोन वाजता, समोर अर्धे लोक पेंगतायत, आणि राजा विंगेतून येऊन सांगतो की मी अमुक देशाचा राजा, आता मी तलवार उपसतो, आणि मग उपसतो. तिथे आपण म्हणतो का, बाबा रे दिसतंय आम्हाला? नाही ना, उलट टाळी पडते. तोच आवाज लावायचा. लीगमधल्या जादूच्या अंगठीवाल्या ग्रीन लँटर्नला मी असं केलं, "ह्या अंगठीच्या सामर्थ्याने मी हे विमान अडवतो, हा हा हा!" आता ते हा हा हा पुस्तकात नाहीये, माझं आहे, पण भाचा तिथे जो उठून बसला तो शेवटपर्यंत.

आणि हो, एका दमात वाचा. आज चार पानं उद्या चार पानं असं केलंत की मधे डोकं चालायला लागतं, आणि डोकं चाललं की गोष्ट मेली.

गोष्ट अशी. अवकाशातून एक भलामोठा तारामासा येतो, नाव स्टारो, मधोमध एक डोळा, आणि त्याला पृथ्वी जिंकायची आहे. आपल्याकडे रापणीच्या जाळ्यात तारामासा आला तर लोक उचलून परत पाण्यात फेकतात. हा मात्र समुद्रातले तीन साधे तारामासे पकडून त्यांना आपल्यासारखे अजस्र करतो आणि तीन दिशांना पाठवतो. ही बातमी अ‍ॅक्वामॅनला, म्हणजे लीगमधल्या माशांशी बोलणाऱ्या हिरोला, कोण देतो तर एक पफर फिश, म्हणजे आपला केंड! जाळी फाडणारा, कोळ्यांच्या शिव्या खाणारा केंड, त्याच्या जिवावर जस्टिस लीगची सुरुवात झालीय. ह्या चौकटीवर थांबा. पान उलटू नका लगेच. केंडाचा आवाज कसा असेल यावर आमच्या घरात दहा मिनिटं गेली आणि शेवटी सर्दी झालेल्या माणसाचा आवाज फायनल झाला.

मग टीमची वाटणी होते. फॉक्सची ही ठरलेली रीत, सगळे एकत्र येणार, लगेच वेगवेगळे होणार, प्रत्येक जण आपापला भाग उरकणार आणि शेवटी परत एकत्र. चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं, सामान आणायला घरचे जसे फुटतात तसंच. ग्रीन लँटर्न एका माशामागे, वंडर वुमन आणि मंगळावरून आलेला मार्शन मॅनहंटर दुसऱ्यामागे, वाऱ्याच्या वेगाने पळणारा फ्लॅश तिसऱ्यामागे हॅपी हार्बर नावाच्या गावात. सुपरमॅन आणि बॅटमॅन? कामात आहेत. एक उल्का फोडतोय, दुसरा गोथममध्ये चोर पकडतोय. कव्हरवर पण नाहीत दोघे. जाहिरातीत मोठं नाव आणि स्टेजवर पाहुणे कलाकार, हे आम्हाला काही नवीन नाही.

हॅपी हार्बरमध्ये अख्खं गाव स्टारोच्या ताब्यात गेलंय, फक्त एक पोरगा सोडून, स्नॅपर कार. सारखा चुटक्या वाजवतो आणि त्या काळच्या फॅशनची भाषा बोलतो, जी लिहिणाऱ्याला पण नीट येत नव्हती असा माझा दाट संशय आहे. पण हा का वाचला? तर बागेतल्या गवतावर चुना टाकत होता, तो अंगाला लागला होता, आणि चुन्यापुढे स्टारोची जादू चालत नाही. मग काय, लीगवाले सगळा चुना आणून स्टारोवर ओततात, खेळ खलास. आता इंग्रजी वाचणाऱ्याला हा फक्त केमिस्ट्रीचा मुद्दा आहे हो. आपल्याला मात्र दिसतं की पृथ्वी जिंकायला आलेल्या प्राण्याला लीगवाल्यांनी मिळून अक्षरशः चुना लावला! हा विनोद फॉक्सला माहीत नव्हता, तो फक्त आपल्यासाठी आहे, सोडू नका. आणि गोव्यात तर शिंपल्या भाजूनच चुना करायचे, जुन्या घरांच्या भिंती त्याच्याच, म्हणजे समुद्रातून आलेल्याला समुद्रातल्याच वस्तूने मारलं म्हणा. स्नॅपरला ह्याबद्दल लीगचं मानद सदस्यत्व मिळतं. चुना टाकल्याबद्दल!

हसायचं कशाला याचा पण एक अंदाज येतो हळूहळू. कमजोरी हा उत्तम विषय. ग्रीन लँटर्नची अंगठी पिवळ्या रंगापुढे चालत नाही, म्हणजे ह्याला हळदीकुंकवाला बोलावलं आणि शेवंतीची वेणी समोर धरली की गारद. मार्शन मॅनहंटरला आगीची भीती, बाकी ताकद जवळजवळ सुपरमॅनएवढी, पण नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याने गोव्यात पाय ठेवू नये, गल्लोगल्ली नरकासुर जळत असतात. पुढच्या अंकांत तर लीगच्या मीटिंगा भरतात, अध्यक्ष असतो आणि तो पाळीपाळीने बदलतो. हे ऐकून देवस्थानच्या कमिटीवर असलेला माझा काका भाच्यापेक्षा जास्त हसला, म्हणाला पाळीपाळीने बदलतो आणि भांडण नाही, हे आलं बघ अवकाशातलं.

काही ठिकाणी हसू येत नाही, ते पण दाबू नका. १९४० सालच्या जुन्या टीमने, जस्टिस सोसायटीने, वंडर वुमनला १९४२ मध्ये घेतलं आणि सेक्रेटरी केलं. सेक्रेटरी! डोंगर उचलणारी बाई मिनिट्स लिहिते. भाच्याने विचारलं का, मी म्हटलं लिहिणारे येडे होते, आणि पुढे गेलो, त्याच्यावर भाषण द्यायची गरज नव्हती. १९६० मध्ये निदान ती माशाशी लढतेय.

दुसऱ्यांदा वाचाल तेव्हा शब्द सोडा, नुसती चित्रं बघा. सेकोव्स्कीचे हिरो आजच्यासारखे सडपातळ चकचकीत नाहीत, रुंद खांदे, आखूड माना, कबड्डीची टीम वाटते. लहानपणी मला ती चित्रं आवडायची नाहीत. आता एका चौकटीत मोजून बघा किती माणसं कोंबलीयत, प्रत्येकाचे हात वेगळे, प्रत्येकाची उभं राहायची ढब वेगळी, आणि तरी कोण कुठे आहे ते एका नजरेत कळतं. जुना छापील अंक हातात आला तर डोळ्याजवळ धरा, वंडर वुमनच्या गालावर बारीक बारीक ठिपके दिसतील, चारच शाया आणि त्यांच्या ठिपक्यांतून सगळे रंग. डिजिटलमध्ये बहुतेक वेळा हे ठिपके पुसून सपाट रंग भरलेले असतात, ते मला स्टीलच्या ताटात केळीचं पान छापल्यासारखं वाटतं. जाहिरातींचं पान पण सोडू नका, साठ-सत्तरच्या अंकांत एक्स-रे चष्मे, पाण्यात टाकले की जिवंत होणारे प्राणी, आठवड्यात पैलवान व्हा, म्हणजे मूळ गोष्टीपेक्षा जास्त कल्पनाशक्ती तिथे खर्च झालीय.

सांभाळायचं म्हणाल तर थोडक्यात. तो कागद स्वस्तातला, आपोआप पिवळा पडतो, आणि आपल्याकडचा जून-जुलै त्याचा वैरी. माळ्यावर ठेवू नका. मामाची अर्धी पेटी माझ्या आळसामुळे वाळवीने खाल्ली, त्यात फ्लॅशचे दोन अंक होते, अजून आठवलं की जेवण जात नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत, मागे ताठ पुठ्ठा, सिलिका जेलची पुडी, कपाटात वरच्या कप्प्यात, आणि पाऊस उघडला की पंख्याखाली थोडी हवा, ऊन नको. फाटलं तर सेलोटेप अजिबात नको, पिनांना गंज आला असेल तर अंक ओढून उघडू नका. बास एवढंच.

हे आवडलं तर त्याच मालिकेचे २९ आणि ३० वाचा, तिसाव्यात प्रोफेसर आयवोचा अमेझो नावाचा यंत्रमानव येतो जो सगळ्यांच्या शक्ती चोरतो. मग ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६० चा स्वतःच्या नावाचा पहिला अंक. लीग चांगली खपली आणि दुसरी कॉमिक कंपनी मार्व्हलने पण टीम काढायचं ठरवलं, १९६१ मध्ये फँटास्टिक फोर आली, ते आपसात भांडतात, त्यामुळे मोठ्याने वाचायला दोन माणसं लागतात. ते भाचा थोडा मोठा झाल्यावर.

लाईट रात्री साडेनऊला आली. भाच्याने तोवर वहीत एक डोळ्याचा तारामासा काढून ठेवला होता, आणि त्याच्यावर काहीतरी पांढरं पांढरं जाड थापलं होतं, मला वाटलं टूथपेस्ट. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, "म्हजी चुन्याची डबी खंय व्हेली रे?"